मलाशयाचा कर्करोग आणि शस्त्राची वाट

गेल्या हिंवाळ्यांत आमच्या एका जुन्या स्नेह्यांस मलाशयाचा कर्करोग झाल्याचें निदान झालें. गृहस्थ गणिताचे अध्यापक, हिशेबाला चोख. पण शौचावाटे रक्त जातें ही गोष्ट त्यांनीं जवळजवळ आठ महिने घरांत कोणास कळूं दिली नाहीं. मूळव्याध असेल असें समजून सुरणाची भाजी व ताक यांवर त्यांनीं भिस्त ठेविली होती. या रोगाची जागाच अशी आहे कीं सुशिक्षित माणूसहि तिचें नांव घेण्यास संकोचतो, आणि हा संकोच रोगाच्या चांगलाच पथ्यावर पडतो. असो. निदान झाल्यावर शस्त्रवैद्यांनीं त्यांच्यापुढें दोन मार्ग ठेविले. एक, पोट उघडून करावयाची जुनी शस्त्रक्रिया; दुसरा, चार-पांच लहान छिद्रांतून दुर्बीण व लांब दांड्यांचीं हत्यारें आंत घालून करावयाची नवी. आमचे स्नेही आम्हांस म्हणाले, "वैद्यकी मत डॉक्टर देतीलच. तुम्ही इतिहास शिकवितां. तेव्हां हे दोन मार्ग आले कोठून आणि त्यांचें भांडण कशावरून, एवढें मला पाहून सांगा." पुढील लेख म्हणजे त्यांस दिलेलें उत्तरच थोडेंफार विस्तारून लिहिलें आहे. आम्ही वैद्य नव्हों. वाचकांनीं यांतून इतिहास घ्यावा, औषध घेऊं नये.

भांडण समजण्यास प्रथम रणभूमि पाहिली पाहिजे. मोठ्या आंतड्याचा शेवटचा सुमारें पंधरा सेंटिमीटरांचा भाग म्हणजे मलाशय. अरुंद नरसाळ्याच्या तळाशीं एखादी वस्तु बसावी तसा तो कमरेच्या हाडांच्या पोकळींत बसलेला आहे. पाठीशीं त्रिकास्थि व माकडहाड. पुढें पुरुषांत मूत्राशय व पौरुषग्रंथि, स्त्रियांत गर्भाशय व योनिमार्ग. दोन्ही अंगांस लघवीचे व कामेंद्रियांचे व्यवहार चालविणारे बारीक मज्जातंतू. आणि तळाशीं मलद्वाराचा तो स्नायू, ज्याच्या हातीं माणसाची चारचौघांतली अब्रू असते. पोटांत इतर ठिकाणीं शस्त्रवैद्यास चार बोटें अधिक कापण्याची मुभा बहुधा असते. येथें एक बोट अधिक गेलें तर रोगी जन्माचा अधू होतो, आणि एक बोट कमी पडलें तर रोग उलटतो. या दोन भयांमधून वाट काढण्यांत शस्त्रवैद्यकाचीं दोनशें वर्षें गेलीं आहेत.

या भागास प्राचीन काळीं शस्त्र लागतच नव्हतें असें नाहीं. सुश्रुतसंहितेंत अर्श व भगंदर यांवरील शस्त्रकर्म सविस्तर आलें आहे. परंतु कर्करोगाची गांठ मलाशयासकट काढून रोगी जगविण्याचा पहिला यशस्वी प्रयत्न पॅरिसच्या झाक लिस्फ्रांक याचा, १८२६ सालचा. ईथरची भूल चारचौघांसमोर दाखविली गेली ती १८४६ सालीं, आणि लिस्टरनें जंतुनाशकाचे आपले प्रयोग प्रसिद्ध केले ते १८६७ सालीं. म्हणजे लिस्फ्रांकच्या रोग्यांनीं हें सारें शुद्धीवर राहून सोसलें. १८३३ सालीं त्यानें असे नऊ रोगी नमूद केले. पोट उघडणें म्हणजे त्या काळीं मरणाला बोलावणें. म्हणून तो खालून, मलद्वाराकडूनच शिरे. हाताला लागेल तेवढें काढावें आणि पुढचा हवाला ईश्वरावर ठेवावा, असा तो प्रकार होता. १८८५ सालीं जर्मनींतील फ्रायबुर्ग येथील पाउल क्रास्के यानें पाठीमागून, माकडहाड व त्रिकास्थीचा थोडा भाग काढून, जरा वरपर्यंत जाण्याची सोय केली. वाट खालची असो कीं मागची, रोग उलटावयाचा तो उलटेच.

किती उलटे, हें मोजून सांगण्याचें धैर्य एका माणसानें केलें, आणि आमच्या मतें या विषयाचा खरा इतिहास तेथून सुरू होतो. विल्यम अर्नेस्ट माइल्स हा लंडनचा शस्त्रवैद्य. १८९९ पासून १९०६ पर्यंत त्यानें खालच्या वाटेनें ५७ शस्त्रक्रिया केल्या. जखम भरून रोगी घरीं गेला कीं आपलें काम संपलें असें मानण्याचा मोह अशा वेळीं कोणासहि पडेल. माइल्सनें त्या रोग्यांचें पुढें काय झालें याचा माग ठेविला, आणि ५७ पैकीं ५४ जणांचा रोग उलटला, म्हणजे शेंकडा ९५, असा स्वतःच्या हातच्या कामाचा हिशेब त्यानें जगापुढें मांडला. जे दगावले त्यांचीं प्रेतें उघडून रोग नेमका कोठें परतला तें त्यानें पाहिलें. तो खालीं, जेथें शस्त्र चाललें होतें तेथें, तर होताच. पण वर पोटांत, आंतड्यास रक्त नेणाऱ्या वाहिन्यांच्या कडेच्या ग्रंथींतहि तो ठाण मांडून बसला होता. खालून गेलेल्या सुरीला ती जागा दिसलीहि नव्हती.

आम्हीं इतिहासाच्या नादांत अनेक सेनापतींचे वृत्तांत वाचले आहेत. आपल्या पराभवाची अशी नेमकी मोजदाद ठेवून ती स्वतः छापणारा सेनापति आम्हांस विरळाच भेटला.

१९०८ सालीं 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकांत माइल्सनें आपली नवी शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली. प्रथम पोट उघडून वरून मलाशय व त्याच्या ग्रंथी सोडवावयाच्या, मग रोग्यास कुशीवर वळवून खालून मलद्वार व भोंवतालचा मेद यांसकट सारा गड्डा एकसंध काढावयाचा, आणि उरलेल्या आंतड्याचें तोंड पोटाच्या डाव्या बाजूस कायमचें बाहेर आणून ठेवावयाचें. पहिल्या १२ रोग्यांपैकीं ५ दगावले. आजच्या कोणत्याहि रुग्णालयांत एवढ्यावरच ती शस्त्रक्रिया बंद पडली असती. पण जे जगले त्यांत रोग उलटण्याचें प्रमाण इतकें उतरलें कीं माइल्स मागें हटला नाहीं. पुढें त्यानेंच दिलेल्या हिशेबांत तें शेंकडा तीसच्या आसपास आलें. त्याची शस्त्रक्रिया सबंध जगांत प्रमाण मानली गेली.

तिची किंमत मात्र रोग्यानें जन्मभर मोजावयाची होती. रोग वर, खालीं व बाजूंस अशा तिन्ही दिशांनीं पसरतो असें माइल्सचें मत. म्हणून मलद्वाराचा स्नायू वांचविणें म्हणजे रोगाला घरांत ठेवून घेणें, असें त्याचे अनुयायी समजत. लंडनच्याच सेंट मार्क्स रुग्णालयांत कथबर्ट ड्यूक्स हा रोगविज्ञानवेत्ता कापून आलेले मलाशय एक एक करून तपाशीत बसला होता. रोगाच्या पायऱ्या ठरविणारी त्याची प्रसिद्ध 'अ, ब, क' वर्गवारी १९३२ सालची. या तपासणींतून दिसून आलें कीं रोग वर चढतो हें माइल्सचें म्हणणें खरें. खालीं उतरण्याचें भय मात्र बहुतेक रोग्यांच्या बाबतींत अवास्तव होतें. म्हणजे एका प्रामाणिक माणसाच्या अर्ध्या खऱ्या सिद्धांतापायीं कित्येकांचीं मलद्वारें विनाकारण गेलीं. यांत माइल्सला दोष द्यावा असें आम्हांस वाटत नाहीं. त्याच्याजवळ जेवढा पुरावा होता त्याशीं तो इमानी राहिला. दोष असेल तर पुरावा बदलल्यावरहि हात न बदलणाऱ्यांचा.

हात हळूहळू बदलले. १९२१ सालीं पॅरिसच्या आंरी हार्टमान यानें वरच्या भागांतील गांठ केवळ पोटावाटे काढून दाखविली. मलद्वार जागेवर राहिलें, तरी आंतड्याचें तोंड पोटावरच ठेवावें लागे. १९४८ सालीं अमेरिकेंतील मेयो क्लिनिकच्या क्लॉड डिक्सन यानें गांठ काढून आंतड्याचीं दोन टोकें पुन्हां जोडल्याचा वृत्तांत दिला : शस्त्रक्रियेनें मृत्यु शेंकडा २.६, पांच वर्षें जगणारे शेंकडा ६४. खोल जागीं हातानें टांके घालणें कठीण, म्हणून टांके मारणारीं यंत्रें आलीं. त्यांचा पहिला नमुना बुडापेस्टच्या ह्युमेर ह्युल्टल याचा, तोहि योगायोगानें १९०८ चाच. पुढें रशियन लोकांनीं तीं यंत्रें सुधारलीं. १९५८ सालीं कीव्ह शहरीं गेलेल्या मार्क रॅव्हिच या अमेरिकन शस्त्रवैद्यानें तीं पाहिलीं आणि तेथून त्यांचा पश्चिमेकडे प्रसार झाला. १९७० नंतरच्या दशकांत वर्तुळाकार स्टेपलर हातीं आल्यावर फार खालचीं टोकेंहि जोडतां येऊं लागलीं, आणि कायमच्या पिशवींतून पुष्कळ रोगी सुटले.

मलद्वार वांचूं लागलें. पण रोग मूळ जागीं पुन्हां उगवण्याचें थांबेना. १९८० च्या सुमारासहि चांगल्या चांगल्या रुग्णालयांत चारांपैकीं एकाचा रोग कमरेच्या पोकळींत परत येई, आणि तेथें परतलेल्या कर्करोगाचें मरण फार यातनांचें असतें. याचें कारण इंग्लंडांत बेझिंगस्टोक नांवाच्या एका मध्यम गांवच्या रुग्णालयांतून पुढें आलें. तेथील शस्त्रवैद्य बिल हील्ड यानें १९८२ सालीं सहकाऱ्यांसह एक लेख लिहिला. मलाशयाच्या पाठीमागें व भोंवतीं मेदाची एक गादी असते. तींतून रक्तवाहिन्या जातात, तींतच ग्रंथी असतात, आणि त्या सबंध गादीवर एक पातळ पटल असतें. गर्भांत मलाशय तयार होतो तेव्हांच हें वेष्टण त्याच्याबरोबर तयार होतें. नागपुरी संत्रें नीट सोललें तर फोडींची पातळ कातडी न फाटतां साल निराळी होते. त्याचप्रमाणें हें वेष्टण व भोंवतालच्या भिंती यांच्यामध्यें एक नैसर्गिक सांध असते, जींत रक्त जवळजवळ नसतें. पूर्वीचे शस्त्रवैद्य त्रिकास्थि व मलाशय यांच्यामध्यें हात घालून, न पाहतां, बोटांनीं मलाशय सोडवीत. त्यांत वेष्टण फाटे, मेदाचे तुकडे मागें राहत. हील्डच्या लेखाचें म्हणणें असें कीं मुख्य गांठीच्या कांहीं सेंटिमीटर खालीं त्या मेदांत कर्करोगाचे सूक्ष्म कण सांपडतात. तो मेद मागें राहिला म्हणजे रोगाचें बींच मागें राहिलें.

त्याचा उपाय ऐकावयास अगदीं साधा होता : हात घालूं नका, उजेड घ्या, डोळ्यांनीं पाहा, आणि त्या सांधींतूनच धारदार शस्त्रानें कापीत वेष्टण अखंड बाहेर काढा. १९८६ सालीं त्यानें आपले रोगी मोजून दाखविले तेव्हां पांच वर्षांत जागच्या जागीं रोग उलटण्याचें प्रमाण शेंकडा चाराच्याहि आंत होतें. पुष्कळांनीं विश्वास ठेविला नाहीं. निवडक रोगी घेतले असतील असें म्हणणारेहि निघाले. पण त्याच वर्षीं लीड्स येथील फिलिप क्वर्क व त्याचे सहकारी यांनीं काढलेल्या मलाशयांचे आडवे काप करून पाहिले, तों ५२ पैकीं १४ जणांच्या बाजूच्या कडेपर्यंत रोग भिडलेला होता. म्हणजे शस्त्रवैद्य खालचें अंतर मोजीत बसले होते आणि चोर बाजूच्या भिंतीनें निसटत होता.

याची खरी परीक्षा स्वीडनमध्यें झाली. स्टॉकहोम परगण्यांतील शस्त्रवैद्यांस हील्डनें स्वतः येऊन ही रीत शिकविली. २००० सालीं तेथील हिशेब 'लॅन्सेट'मध्यें आला : पूर्वींच्या दोन पाहण्यांत दोन वर्षांच्या आंत जागच्या जागीं रोग उलटण्याचें प्रमाण शेंकडा १५ व १४ होतें, तें ६ वर आलें, आणि मलद्वार काढून टाकण्याचें प्रमाण शेंकडा ६० व ५५ होतें, तें २७ वर आलें. रोगी त्याच मुलुखांतले, रुग्णालयें तींच. बदलली ती हाताची वाट. शस्त्रक्रियेपूर्वीं किरणोपचार देण्याची जी पद्धत आतां रुळली आहे तिचा वांटा या विषयांत मोठा आहे. पण तो स्वतंत्र लेखाचा विषय होईल.

आतांपर्यंतच्या वृत्तांतांत पोटावरील छेद मोठा कीं लहान हा प्रश्न एकदांहि आला नाहीं, हें वाचकांच्या लक्षांत आलें असेलच. दुर्बिणीचा इतिहास अगदीं निराळ्या वाटेनें आला आहे. १९०१ सालीं हँबर्ग येथील शास्त्रज्ञांच्या परिषदेंत ड्रेस्डेनच्या गेओर्ग केलिंग यानें एका कुत्र्याच्या पोटांत हवा भरून मूत्राशयाची दुर्बीण आंत सोडून दाखविली. १९१० सालीं स्टॉकहोमच्या हान्स ख्रिश्चन याकोबेउस यानें माणसांवरील अनुभव प्रसिद्ध केला. नंतर सत्तर वर्षें दुर्बीण मुख्यतः पाहण्यापुरती, फार तर स्त्रीरोगांच्या किरकोळ कामापुरती राहिली. १९८० सालीं कील येथील स्त्रीरोगतज्ज्ञ कुर्ट झेम यानें तिच्यांतून आंत्रपुच्छ काढलें, आणि १९८५ सालीं बोब्लिंगेन येथें एरिश म्यूहे यानें पित्ताशय काढलें. दोघांसहि आपल्याच व्यवसायबंधूंचा उपहास पुष्कळ सोसावा लागला. पुढें दुर्बिणीस छायाचित्रयंत्र जोडून पोटांतील दृश्य पडद्यावर दिसूं लागलें, आणि पांच-सात वर्षांतच पित्ताशयाची जुनी शस्त्रक्रिया मागें पडली. १९९१ सालीं मायामीच्या मोइसेस जेकब्ज व त्याच्या सहकाऱ्यांनीं मोठ्या आंतड्यावरील दुर्बिणीच्या शस्त्रक्रिया प्रसिद्ध केल्या.

पण पित्ताचा खडा निराळा आणि कर्करोग निराळा. १९९४ सालीं हॉलंडांतून एक छोटें पत्र आलें : दुर्बिणीनें आंतडें काढलेल्या १४ रोग्यांपैकीं तिघांच्या पोटावरील त्या लहानशा छिद्रांतच कर्करोग उगवला. जी वाट रोग्याच्या सुखासाठीं लहान केली, तिच वाटेनें रोग पसरूं लागला कीं काय, या शंकेनें सारें शस्त्रवैद्यक चपापलें. येथें मात्र या व्यवसायाची तारीफ केली पाहिजे. हौशीनें पुढें जाण्याऐवजीं बहुतेकांनीं हात आंवरला, आणि चिठ्ठ्या टाकून रोगी दोन गटांत वांटण्याचे मोठे प्रयोग सुरू केले. मोठ्या आंतड्याच्या वरच्या भागापुरती शंका २००४ पर्यंत बरीच फिटली. छिद्रांतील कर्करोग बहुतांशीं हत्यारें हाताळण्याच्या ढिलाईचा होता असें ठरलें.

मलाशयाचें प्रकरण मात्र सरळ सुटलें नाहीं. ब्रिटनमधील पहिल्या मोठ्या प्रयोगाचा निकाल २००५ सालीं लागला. त्यांत दुर्बिणीनें सुरू केलेल्या मलाशयाच्या शस्त्रक्रियांपैकीं शेंकडा ३४ मध्येंच सोडून पोट उघडावें लागलें, आणि मलद्वार वांचविलेल्या रोग्यांत कडेपर्यंत रोग राहण्याचें प्रमाण दुर्बिणीच्या गटांत शेंकडा १२, उघड्या गटांत ६ आढळलें. हा फरक योगायोगाचाहि असूं शकेल असें गणिती म्हणाले. पण हील्डचा धडा गिरविलेल्या कोणाहि शस्त्रवैद्याच्या छातींत तेवढ्यानें धस्स झालें असेल. पुढें त्या रोग्यांच्या आयुष्यांत मात्र फरक दिसला नाहीं.

खरी झुंज २०१५ सालीं लागली. त्या वर्षीं एप्रिलांत युरोप, आशिया व अमेरिका या खंडांतील आठ देश आणि तीस रुग्णालयें यांनीं मिळून केलेल्या, हजारावर रोगी असलेल्या प्रयोगाचा निकाल आला : तीन वर्षांत जागच्या जागीं रोग उलटण्याचें प्रमाण दोन्ही गटांत शेंकडा ५, अगदीं तंतोतंत सारखें. दुर्बिणीच्या गटांत रक्त निम्मेंच गेलें, शौच एक दिवस लवकर सुरू झालें, मुक्काम नऊ दिवसांचा आठावर आला. शस्त्रक्रियेस मात्र तासाभराच्या आसपास अधिक वेळ लागला. दुर्बिणीचे पक्षपाती सुखावले. तों ऑक्टोबरांत अमेरिकेंतील एकाच वैद्यकीय नियतकालिकाच्या एकाच अंकांत दोन प्रयोग आले, एक अमेरिका-कॅनडाचा, दुसरा ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडचा. वेष्टण अखंड, कडा निर्मळ, अशी सर्वांगीं समाधानकारक शस्त्रक्रिया किती झाल्या, हें त्यांनीं मोजलें होतें. पहिल्यांत दुर्बिणीच्या गटांत शेंकडा ८१.७, उघड्या गटांत ८६.९, दुसऱ्यांत ८२ व ८९. दुर्बीण उघड्या शस्त्रक्रियेहून कमी नाहीं, असें सिद्ध करतां आलें नाहीं, असा दोन्हींचा निकाल.

आमच्या स्नेह्यांनीं हे आंकडे एका कागदावर मांडून घेतले आणि म्हणाले, "अहो, हे दोन निकाल एकमेकांशीं भांडतच नाहींत. एकानें माणसें मोजलीं, दुसऱ्यानें काढलेलें मांस मोजलें." गणिताच्या माणसानें वर्म बरोबर ओळखलें. २०१९ सालीं त्याच दोन प्रयोगांतील रोग्यांचें दोन वर्षांनंतरचें वृत्त आलें, तेव्हां रोगमुक्त राहिलेल्यांचें प्रमाण एकांत ७९.५ विरुद्ध ८३.२ आणि दुसऱ्यांत ८० विरुद्ध ८२ असें निघालें. गणितानें त्यास भेद म्हणतां येत नाहीं. तरीहि आम्हांस असें वाटतें कीं मांस मोजणाऱ्यांचा इशारा वायां गेलेला नाहीं. अरुंद कटीचा स्थूल पुरुष आणि अगदीं खालची गांठ असा योग आला म्हणजे सरळ दांड्यांच्या हत्यारांस त्या नरसाळ्याच्या तळाशीं वळतांच येत नाहीं, ही गोष्ट दुर्बिणीचे कैवारीहि मान्य करतात.

ती अडचण दूर करावयास यंत्रमानवाचे वळणारे हात आले. २०१७ सालच्या मोठ्या प्रयोगांत पोट उघडावें लागण्याचें प्रमाण यंत्रमानवाच्या गटांत शेंकडा ८.१ आणि साध्या दुर्बिणीच्या गटांत १२.२ निघालें, म्हणजे ठाम कांहीं सिद्ध झालें नाहीं. २०२२ सालीं चीनमधून आलेल्या निकालांत कडेशीं रोग राहण्याचें प्रमाण ७.२ वरून ४.० वर आलेलें दिसलें. दुसऱ्या कांहींनीं खालून, मलद्वारावाटेच दुर्बीण घालण्याची युक्ति काढली, म्हणजे लिस्फ्रांकचीच वाट नव्या दिव्यानें. तिचा पहिला वृत्तांत २०१० चा. नॉर्वेमध्यें मात्र त्या रीतीनंतर रोग लवकर व विचित्र जागीं उलटूं लागल्याचें तेथील नोंदींवरून दिसून आलें, आणि नॉर्वेच्या शस्त्रवैद्यांनीं ती आपण होऊन थांबविली. माइल्सचें ५७ पैकीं ५४ आम्हांस येथें आठवलें.

एक गोष्ट आमच्या वाचनांत वारंवार आली. जुना हात नव्या हत्यारास सरावेपर्यंतच्या पहिल्या कांहीं डझन रोग्यांचा हिशेब कोण देतो? सुश्रुतानें सूत्रस्थानांत शिष्यास सांगितलें आहे कीं शास्त्र कितीहि वाचलें तरी 'योग्या' म्हणजे हाताचा सराव केल्यावांचून कामास लावूं नये. आणि सराव कशावर, तर भोपळा, काकडी, कमळाचा देंठ, पाण्यानें भरलेली कातडी पिशवी यांवर. आजचे विद्यार्थी पेटींत दुर्बीण घालून रबराच्या तुकड्यास टांके घालतात असें ऐकतों. भोपळ्याचा रबर झाला एवढेंच.

आमच्या स्नेह्यांनीं शस्त्रवैद्यांस दोनच प्रश्न विचारले : अशा शस्त्रक्रिया आपण किती केल्या, आणि मध्येंच पोट उघडण्याचा प्रसंग किती वेळां आला. डॉक्टर तरुण होते. त्यांस राग आला नाहीं. त्यांनीं खणांतून आपली वही काढून दोन्ही आंकडे वाचून दाखविले, आणि म्हणाले, "दुर्बिणीनें सुरू करूं. आंतली सांध दिसेनाशी झाली तर मी थांबणार नाहीं, सरळ उघडीन. चालेल?" चालेल म्हणून सांगितलें. दीड तासानें ती दिसेनाशी झाली व पोट उघडावें लागलें.

त्यास आतां पांच महिने झाले. तात्पुरती पिशवी गेल्या महिन्यांत निघाली. परवां आम्ही त्यांच्याकडे गेलों तेव्हां त्यांनीं रोगविज्ञानवेत्त्यांचा अहवाल पुढें केला. त्यांत एका ओळीखालीं त्यांनीं पेन्सिलीनें रेघ ओढली होती : वेष्टण अखंड, कडा निर्मळ. छेद किती लांब झाला हें विचारावयाचें आमच्याकडून राहूनच गेलें.